बोलेरो कॅम्पर ४×४ : बदली इंजिन निवडण्याच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

गाडी २००९ ची महिंद्रा बोलेरो कॅम्पर, फोर-व्हील-ड्राइव्ह. इंजिन एमडीआय, ४ सिलिंडर, २५२३ सीसी, टर्बो, डिझेल पंप साधा मेकॅनिकल. बाबांनी ती जुनीच घेतली आणि तेव्हापासून तिचं काम ठरलेलं आहे. बलवाड्याच्या शेतातून टोमॅटो-मिरचीचे कॅरेट भरायचे, भेरू घाट चढून इंदूरला यायचं, पहाटे चोइथराम मंडीत माल उतरवायचा आणि परतताना खताची पोती, डिझेलचा ड्रम, कधी दुरुस्त झालेली पाण्याची मोटर घेऊन जायची. पावसाळ्यात शेताकडचा शेवटचा रस्ता निव्वळ काळी माती असतो. तिथे लो रेंज (फोर-व्हील गाडीतला संथ, जास्त ओढीचा गिअर) लावल्याशिवाय भरलेली गाडी हलत नाही. त्यामुळे ‘ही विका आणि साधी पिकअप घ्या’ हा सल्ला आमच्या कामाचा नाही.

सध्याची लक्षणं अशी : घाटात तापमानाचा काटा लाल रेघेपर्यंत जातो, रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवलं की पाण्यात बुडबुडे येतात, सकाळी पहिल्यांदा सुरू करताना पांढरा धूर. डिपस्टिकवर ऑईल अजून काळंच आहे, दुधाळ झालेलं नाही. हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं असावं. त्याहून जास्त काही नसेल अशी आशा आहे, पण तपासल्याशिवाय पैसे लावायचे नाहीत.

१७ नोव्हेंबर

कॉम्प्रेशन टेस्ट केली. इंजिन गरम, इंधन बंद, बॅटरी पूर्ण चार्ज. पहिला सिलिंडर २६ बार, दुसरा २५, तिसरा १८, चौथा २४. डिझेलमध्ये सिलिंडर-सिलिंडरमधला फरक दोन-तीन बारच्या वर गेला की गोष्ट गंभीर समजायची. तिसऱ्यात थोडं ऑईल टाकून पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑईलमुळे फट भरून आकडा वर गेला असता. तो जेमतेम हलला. म्हणजे दाब रिंगांमधून खाली उतरत नाही, वरच्या बाजूने कुठेतरी निसटतो आहे.

हेड उतरवायचं ठरलं.

२४ नोव्हेंबर

हेड उतरलं. गॅस्केट तिसऱ्या सिलिंडरपाशी जळालेलं आहे, ते अपेक्षित होतं. हेड वाकलेलं आहे, तेही. पण उस्तादांनी ब्लॉकचा माथा घासून पुसल्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “दीदी, ये देखो, बाल आ गया है.” केसासारखी बारीक रेघ. लाल डाय लावली, थांबलो, पुसली, वर पांढरा डेव्हलपर फवारला आणि रेघ लाल होऊन स्पष्ट उमटली : तिसऱ्या बोअरच्या (पिस्टन फिरतो त्या भोकाच्या) काठापासून पाण्याच्या वाटेपर्यंत.

बिडाच्या ब्लॉकला बाहेरच्या भिंतीवर चीर असेल तर पिना मारून शिवता येते. तसे शिवलेले ट्रॅक्टरचे ब्लॉक मी चालताना पाहिले आहेत. बोअरच्या काठावर मात्र प्रत्येक स्फोटाचा दाब आणि उष्णता थेट येते. तिथे शिवण टिकेल असं कुणी जबाबदारीने सांगत नाही. हा ब्लॉक संपला.

कारण शोधलं, कारण ते न शोधता नवं इंजिन बसवलं तर तेही याच वाटेने जाईल. रेडिएटर उघडून घेतला. जवळपास अर्ध्या नळ्या पांढऱ्या थराने बुजलेल्या. ब्लॉकच्या पाण्याच्या पोकळीतही तोच थर, खाली गाळ. बोअरवेलचं जड पाणी वर्षानुवर्षं कूलंटशिवाय भरलेलं. क्षाराचा थर उष्णता अडवतो, त्या जागी धातू बाकीच्यापेक्षा जास्त तापतो आणि असमान ताणाने चिरतो. पाणीपंप आणि थर्मोस्टॅट ठीक आहेत. तर यादीत पहिली ओळ इंजिनाची नाही : रेडिएटरचा नवा कोअर.

१ डिसेंबर

आता खरा प्रश्न. ब्लॉक बदलायचाच आहे, तर तेच इंजिन पुन्हा, की दुसरं चांगलं?

गाडी उघडी पडली आहे हे कळल्यापासून प्रत्येक जण एक इंजिन घेऊन येतो. मंडीतले एक आडते म्हणतात स्कॉर्पिओचं एमहॉक टाका, उडत जाईल. शेजारच्या शेतातले दाजी म्हणतात थारचं सीआरडीई (कॉमन रेल डिझेल). एकाचा भाऊ दिल्लीच्या मायापुरीतून जपानी इंजिन आणून देणार आहे. बाबांना टाटा ४९७ आवडतं, कारण टाटाच्या २०७ पिकअपमध्ये त्यांनी ते वापरलेलं आहे.

या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट समान आहे. प्रत्येक जण इंजिनाची ताकद सांगतो, त्या इंजिनाच्या मागे काय जोडलेलं आहे ते कुणी विचारत नाही. फोर-व्हील गाडीत इंजिनामागे क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा भाग), दोन प्रोपेलर शाफ्ट, दोन डिफरन्शियल अशी रांग आहे आणि ती सगळी एका ठराविक ताकदीसाठी बनलेली आहे. माझा निर्णय मी मागून पुढे यायचं ठरवलं आहे : आधी चाकं काय मागतात, मग मधली रांग काय सोसते, मग इंजिन.

१५ डिसेंबर

दादा (आतेभाऊ, पिथमपुरात इंजिन असेंब्लीवर आहे) सुटीला घरी आला, त्याच्यासोबत बसून हिशेब मांडला.

भरलेली गाडी साधारण २७०० किलो धरली. चढ १०० मीटरला ६ मीटर, वेग ताशी ३० किलोमीटर. चढाची ओढ सुमारे १५९० न्यूटन, चाकांचा घर्षणविरोध सुमारे ४०० न्यूटन. दोन्ही मिळून चाकाशी साडेसोळा किलोवॅट लागतात. गिअरबॉक्स-डिफरन्शियलमध्ये १५ टक्के जातात असं धरलं तर इंजिनाकडून १९-२० किलोवॅट, म्हणजे सुमारे २६ अश्वशक्ती. चढ १०० ला १० केला तर तोच आकडा ४० अश्वशक्तीपर्यंत जातो.

आता इंजिनाची बाजू. आमच्या एमडीआयची कमाल शक्ती ३२०० आरपीएमला ६३ अश्वशक्ती, आणि टॉर्क (फिरवण्याचा पीळ) १५०० च्या आसपास सुमारे १८० न्यूटन-मीटर. १५०० आरपीएमला १८० न्यूटन-मीटर म्हणजे २८ किलोवॅट, ३८ अश्वशक्ती. थोडक्यात, नेहमीच्या चढावर हे इंजिन अर्ध्याहून कमी ताकदीत काम करतं, आणि सर्वांत अवघड वळणावरही जेमतेम १६००-१७०० आरपीएमला पुरतं. घाटात मागचे लोक हॉर्न वाजवतात ते खरं आहे, पण माल वर पोचण्यात अडचण कधी ताकदीची नव्हती. अडचण तापमानाची होती.

दादा म्हणाला, “अगं, पण ओव्हरटेकला?” त्याचं बरोबर आहे. खंडवा रोडवर ट्रकच्या मागे अडकलं की ६३ अश्वशक्ती कमी पडते. पण ही गाडी पहाटे तीनला निघते आणि रस्ता मोकळा असतो.

आमच्या भागाला चढ म्हणजे काय हे माहीत आहे. याच डोंगरात कालाकुंडहून पातालपाणीला मीटरगेजची गाडी ४० ला १ च्या चढाने वर यायची, तेव्हा तिला मागून दुसरं इंजिन लावत. वेग वाढवायला नव्हे, ओढ टिकवायला.

२२ डिसेंबर

एकेक नाव घेऊन विचार केला. लिहून ठेवते म्हणजे पुन्हा तोच वाद नको.

पिथमपूरचं इसुझू. हे मनाने आधी निवडलं होतं, कारण आपल्या दारात बनलेलं इंजिन आहे. हिंदुस्थान मोटर्सने पिथमपुरात इसुझूच्या तंत्रज्ञानाने इंजिनं बनवली. त्यातलं ४एफसी१ हे १९९५ सीसीचं डिझेल कॉन्टेसात आणि पुढे अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये बसलं. आमचे काका त्या कारखान्यात होते. आजही त्या इंजिनाबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलतो, आणि ते योग्यच आहे. गोड चालणारं, तेल न पिणारं इंजिन. त्या काळी माळव्यात कितीतरी जुन्या जीपगाड्यांना ते बसवलं गेलं. पण ते टर्बोशिवायचं २ लिटर आहे, आणि अ‍ॅम्बॅसॅडर २०१४ मध्ये बंद झाल्यावर त्याचे सुटे भाग दरवर्षी कमी होत आहेत. काकांनी स्वतःच सांगितलं, “बाळ, मन नको लावू. पुढच्या दहा वर्षांची गाडी करायची आहे ना तुला? मग पार्ट ज्याचे मिळतात ते घे.”

फोर्सचं २.६ लिटर. मर्सिडीजच्या ओएम६१६ वरून आलेलं, २५९६ सीसी. ट्रॅक्स आणि गुरखा यांच्यामुळे इंदुरात त्याचे कारागीर आणि भाग दोन्ही भरपूर. कामाच्या दृष्टीने आमच्या गाडीला शोभेल असं. अडचण जोडणीची : बेल हाऊसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या क्लचभोवतीच्या कवचाची) बोल्टरचना वेगळी, म्हणजे मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट बनवावी लागणार. ती प्लेट एखादा मिलिमीटरचा दहावा भाग जरी केंद्राबाहेर गेली तरी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि पायलट बेअरिंग खाऊन टाकते. शिवाय कंपनी वेगळी, त्याचा कागदोपत्री त्रास पुढे येईलच.

टाटा ४९७. बोअर ९७, स्ट्रोक १०० मिलिमीटर, २९५६ सीसी. दणकट, पण मोठं आणि जड. पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि स्टिअरिंगवर वजन वाढेल. चिखलात नाक आधी रुतणारी गाडी मला नको. बाबांना हे वजनाच्या बाजूने सांगितल्यावर पटलं.

प्यूजोचं एक्सडी३पी. २४९८ सीसी, सुरुवातीच्या बोलेरोंमध्ये हेच होतं. आवाज मऊ, फिरतं छान. पण इंधन प्री-चेंबरमध्ये फवारलं जातं. थंडीत हीटर प्लग लागतात आणि थेट इंजेक्शनपेक्षा डिझेल जास्त जातं. खालच्या आरपीएमला ओढ एमडीआयइतकी नाही.

उरली ती दोन : थारचं २.५ सीआरडीई आणि स्कॉर्पिओचं एमहॉक. ती वेगळी बघायला हवीत, कारण ती खरोखर चांगली इंजिनं आहेत.

५ जानेवारी २०२५

आजचं काम माझ्या मते या सगळ्या निवडीतलं सर्वांत महत्त्वाचं होतं.

रिकामा ब्लॉक सम्प (इंजिनाखालचं ऑईलचं भांडं) लावून परत जागेवर टेकवला, जुन्याच माउंटिंगवर. सम्पच्या खाली, डिफरन्शियलच्या डोक्यावर खेळायच्या मातीचे गोळे ठेवले. मग पुढचा अ‍ॅक्सल बंप स्टॉपला (वरच्या रबरी अडसराला) टेकेपर्यंत जॅकने उचलला. आधी सरळ, मग एक चाक वर आणि एक खाली असा तिरका. अ‍ॅक्सल उतरवून दबलेले गोळे मोजले : सर्वांत कमी जागा २२ मिलिमीटर. म्हणजे आत्ताचा सम्प या अ‍ॅक्सलसाठीच घडवलेला आहे. टू-व्हील-ड्राइव्ह गाडीतून काढलेल्या कोणत्याही इंजिनाचा सम्प इथे तसाच बसेल असं धरता येत नाही. खोल भाग पुढे असेल तर पहिल्याच खड्ड्यात डिफरन्शियल सम्प फोडेल. सम्प कापून बदलला तर आतला ऑईल पिकअपही (ऑईल ओढून घेणारी नळी) हलवावा लागतो. घाटात गाडीचं नाक वर असताना सगळं ऑईल मागे जातं. तेव्हा पिकअप कोरडा पडला तर बेअरिंगा काही सेकंदांत जातात.

दुसरं : सायलेन्सरची वाट. टर्बोचा डाऊनपाइप आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांच्या जवळून जातात. इंजिन बदललं, टर्बो दुसऱ्या बाजूला आला, की ही जागा नव्याने शोधायची.

तिसरं : इंजिनाचा कल. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस ही एकच ताठ कांडी आहे. माउंटिंग वर-खाली झालं की दोन्ही प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलतात आणि युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस वेळेआधी झिजतात, ४० च्या पुढे थरथर सुरू होते. कुणी इंजिन बदललेल्या गाडीची ‘थोडी व्हायब्रेट होते’ अशी तक्रार करतं तेव्हा पुष्कळदा हेच असतं.

त्यात ब्रेकचा व्हॅक्यूम पंप, पॉवर स्टिअरिंगचा ब्रॅकेट, क्लच प्लेटची स्प्लाइन, स्टार्टरची जागा. यातली कोणतीही एक गोष्ट अवघड नाही. सगळ्या मिळून गाडी महिनोन्‌महिने उभी राहते.

१४ जानेवारी

संक्रांत. काम बंद. काकू तिळगूळ देताना म्हणाल्या, गाडी लवकर उभी करा, भाड्याच्या टेम्पोत मिरची पिचते. खरं आहे. भाडंही परवडत नाही.

२० जानेवारी, सोमवार

नायता मुंडल्याला आरटीओत जाऊन आले, आणि त्याआधी कायदा नीट वाचला.

मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२. नोंदणीपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच जातीचं, त्याच कंपनीचं इंजिन बदली टाकायचं तर आधी परवानगी, आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवून नवा इंजिन नंबर नोंदणीपत्रावर चढवून घ्यायचा.

खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं : अर्ज, इंजिन खरेदीचं बिल, ज्या गाडीतून इंजिन आलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, आपलं नोंदणीपत्र, विमा. इंजिन नंबर खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला असेल तर प्रश्नच संपला. मायापुरीवाल्या जपानी इंजिनाचं नाव इथे कायमचं खोडलं. ज्याचा जन्मदाखला नाही ते इंजिन मला कितीही स्वस्तात नको. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला नंबर तपासते, आणि गाडीत आमचा मजूर बसलेला असतो.

९ फेब्रुवारी

एमहॉक बघून आले. देवास नाक्याकडच्या एका गॅरेजात, मागून ठोकलेल्या स्कॉर्पिओतलं, वायरिंग आणि ईसीयूसकट (इंजिनाचा संगणक). २१७९ सीसी, १२० अश्वशक्ती, १८०० पासून २९० न्यूटन-मीटर. सुरू करून दाखवलं. काय इंजिन आहे! हात ठेवला तर थरथर जाणवत नाही. मला ते आवडलं, हे लिहून ठेवते.

पण २९० भागिले १८० म्हणजे १.६. लो रेंज टॉर्क आणखी सुमारे अडीच पट करते, त्यावर पहिल्या गिअरचा गुणक वेगळा. चिखलात चाक अडकलेलं असताना हा सगळा पीळ प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, मागच्या हाफ शाफ्टवर येतो. ते सगळं १८० साठी बनलेलं आहे. हलक्या पायाने चालवलं तर टिकेल, पण गाडी मी एकटी चालवत नाही. पावसात, रात्री, घाईत असलेला माणूस हलका पाय ठेवत नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसही बदलले तर टिकेल. मग ती कॅम्परच्या खोक्यातली स्कॉर्पिओ झाली, खर्चही तसाच.

उष्णतेचाही प्रश्न आहे. डिझेलमधल्या ऊर्जेचा ढोबळ तिसरा हिस्सा चाकांकडे जातो, तिसरा कूलंटमध्ये, तिसरा सायलेन्सरमधून. इंजिनाकडून जवळपास दुप्पट शक्ती घ्यायची तर रेडिएटरही त्या मानाने मोठा हवा, पुढे इंटरकूलर हवा, आणि कॅम्परच्या तोंडात तेवढी जागा नाही.

थारचं २.५ सीआरडीई त्या मानाने जवळचं : १०५ अश्वशक्ती, २४७ न्यूटन-मीटर, कंपनी तीच. दादाचं मत अजून त्याच्याच बाजूने आहे. धूर कमी, आवाज कमी, अ‍ॅव्हरेज चांगला. रोज हायवेवर चालणारी गाडी असती तर मी त्याचंच ऐकलं असतं. पण कॉमन रेलमध्ये डिझेल हजार बारच्या वर दाबलेलं असतं. इंजेक्टरला पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण चालत नाही, आणि आमच्याकडे डिझेल पुष्कळदा ड्रममधून हातपंपाने भरलं जातं. एक सेन्सर गेला की गाडी ताकद सोडते आणि स्कॅनर येईपर्यंत उभी राहते. इंदुरात स्कॅनर गल्लोगल्ली आहे. बलवाड्याच्या शेतात नाही. मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला डिझेल, हवा आणि एक चालू सोलेनॉइड (डिझेल सोडणारी-अडवणारी विजेची झडप) एवढंच लागतं. हवा धरली तर पान्याने ब्लीड स्क्रू सैल करून आमचा शेतावरचा भाऊ ती स्वतः काढतो.

२३ फेब्रुवारी

ठरलं : तेच एमडीआय, २५२३ सीसी, मेकॅनिकल पंपाचं. दुसऱ्या गाडीतून चांगल्या ब्लॉकचं घ्यायचं, पूर्ण उघडून नव्याने बांधायचं, आणि माझा सम्प, माउंटिंग, फ्लायव्हील, बेल हाऊसिंग, पंप तसेच ठेवायचे.

या इंजिनाबद्दल दोन शब्द, कारण लोक त्याला जुनाट म्हणतात. बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. इंचात मोजा : साडेतीन आणि चार, अगदी नेमके. हे माप इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनांच्या घराण्यातून आलेलं आहे. महिंद्राने १९६३ मध्ये त्यांच्यासोबत भागीदारी करून बी-२७५ ट्रॅक्टर भारतात बनवायला घेतला होता. स्ट्रोक बोअरपेक्षा मोठा, म्हणून फिरायला संथ आणि खालूनच ओढणारं. लो रेंजमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून दिला तरी चालत राहतं, बंद पडत नाही. काळ्या मातीत हाच गुण लागतो, कारण तिथे चाक जोरात फिरवलं की गाडी खाली बसते.

बाबा खूश आहेत. दादा थोडा नाराज, पण बोअर मोजायला तोच येणार आहे.

८ मार्च

देवास नाका, लोहा मंडी, दोन्हीकडे शोध. एक इंजिन स्वस्त मिळत होतं. नंबरच्या जागेवर ग्राइंडरच्या खुणा होत्या, हात न लावता परत आले. दुसऱ्याच्या सम्पमध्ये काळा डांबरासारखा थर. तिसरं चांगलं वाटलं : नोंदणी रद्द झालेल्या बोलेरोतलं, कागद पूर्ण, नंबर स्वच्छ, क्रँक हाताने एकसारखा फिरतो, कुठे अडत नाही. पाण्याच्या वाटेत बोट घातलं तर हिरवट कूलंटचा डाग. कुणीतरी काळजी घेतली होती. ५५ हजार सांगितले, ५० वर आले. विकणाऱ्याने बिल आणि रद्द नोंदणीची प्रत स्वतःहून दिली.

हे टू-व्हील गाडीतलं असल्यामुळे त्याचा सम्प वेगळा आहे, पण ब्लॉकच्या खालची बोल्टरचना माझ्या सम्पशी जुळते. तिथेच गॅस्केट ठेवून पाहिलं.

१६ मार्च

इंजिन उघडलं. क्रम असा ठेवला की महागाचं काम आधी नाही : पहिल्यांदा ब्लॉक आणि हेडची प्रेशर टेस्ट. दोन्ही पास झाल्यावरच पुढे.

दादाने बोअर गेज लावला. वरच्या टोकाला, जिथे वरची रिंग परत फिरते, तिथे सर्वांत जास्त झीज असते. चारही बोअर झिजलेले आणि किंचित अंडाकृती, पण ५० ओव्हरसाइजमध्ये साफ निघतील. (खरादवाले ५० म्हणतात म्हणजे अर्धा मिलिमीटर.) पिस्टन आधी हातात घेऊन, प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाने बोअर करायचा. उलट केलं तर क्लिअरन्स नशिबावर जातो. क्रँकचे जर्नल मूळ मापातच आहेत, फक्त पॉलिश आणि नव्या बेअरिंगा. एंड फ्लोट (क्रँकचा पुढे-मागे खेळ) डायल गेजवर बरोबर.

माझा डिझेल पंप कॅलिब्रेशनला, इंजेक्टर नोझल नवीन. टर्बोच्या शाफ्टला बाजूचा हलका खेळ आहे, पुढे-मागे अजिबात नाही, म्हणून तो साफ करून तसाच.

१९ मार्च

रंगपंचमी. राजवाड्याची गेर (रंगांची मिरवणूक) असल्यामुळे शहरात दुकानं बंद. खराद परवा.

६ एप्रिल

बांधणी पूर्ण. हेड बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. उस्ताद चाळीस वर्षं हाताच्या अंदाजाने बोल्ट कसत आले आहेत. रेंच पुढे केला तेव्हा त्यांनी तो घेतला आणि प्रत्येक बोल्टवर आवाज येईपर्यंत थांबले.

रेडिएटरला नवा कोअर, फॅनभोवतीचं काऊल शाबूत केलं. ते तुटलेलं असेल तर फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तीच तीच हवा घुसळतो. कूलंट डिस्टिल्ड पाण्यासोबत निम्मं-निम्मं. शेतावर पाच लिटरचा तयार कॅन कायम ठेवला आहे आणि त्यावर लिहिलं आहे : बोअरचं पाणी टाकू नये.

माउंटिंग जुनीच, म्हणून शाफ्टचे कोन जसेच्या तसे. मातीचे गोळे ठेवून पुन्हा मोजलं : २२ मिलिमीटर.

२० एप्रिल

इंजिन सुरू आहे. परवानगी आधीच हातात होती. बसवल्याची सूचना मुदतीत दिली, तपासणी झाली, नवा नंबर नोंदणीपत्रावर आला. धुराची तपासणीही झाली. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला ६५ हार्ट्रिज युनिटची (धुराच्या दाटपणाचं माप) मर्यादा आहे, आपला आकडा ३८.

भेरू घाट अर्ध्या मालावर चढवला. काटा मधोमध, वळणांवरही हलला नाही. दुसऱ्या गिअरला १६०० वर गाडी निवांत चढते.

बाकी कामं : पहिल्या ५०० किलोमीटरला ऑईल आणि फिल्टर बदल, व्हॉल्व्ह क्लिअरन्स पुन्हा मोजणं. तोवर पूर्ण माल नाही, आणि एकाच वेगाने फार वेळ चालवायचं नाही, म्हणजे रिंगा नीट बसतील. ट्रान्सफर केसचं ऑईल या महिन्यात. पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस, पावसाच्या आधी. डिझेलच्या ड्रमला तळापासून चार बोटं वर नळी बसवायची आणि वाटेत पाणी वेगळं करणारा फिल्टर. तो आणला आहे, फक्त बसवायचा आहे.